उन्हाळ्यात गावच्या घराची कामं काढताय? या चुका टाळा

सुट्टी लागली, घरचे सगळे जमले, की कामांची यादी निघते: दारं रंगवायची, अंगणात कोबा घालायचा, मुलांना झोपाळा बांधायचा. यादी ठीकच असते. गोची होते ती 'ऊन आहे, चटकन सुकेल' म्हणण्यात. उन्हाने वरचा थर सुकतो, आतलं काम त्याच्या वेळेनेच होतं.

रंगाचंच घ्या. तापलेल्या फळीवर ब्रश मारला की वर साय धरते, आतला थिनर कोंडतो आणि फोड येतात. त्यावरूनच दुसरा हात मारू नका. आधी एक फोड पात्याने कापून बघा. खाली जुना रंग दिसला तर दोष उन्हाचा. नुसतं लाकूड दिसलं तर लाकडातच ओल आहे. ती कुठून येते ते शोधल्याशिवाय पुन्हा रंगवणं म्हणजे पैसे पाण्यात. रंगवताना सावलीच्या मागे जा: सकाळी पश्चिमेची बाजू, दुपारनंतर पूर्वेची. शिडी 4 मीटर उंचीवर टेकत असेल तर तिचे पाय भिंतीपासून 1 मीटर लांब हवेत. घर फार जुनं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, आणि मुलांना त्या कामापासून लांबच ठेवा. त्यांना ब्रश हवाच असतो; झोपाळ्याची नवी फळी द्या, दार नको.

सगळ्यात धोक्याची चूक मात्र काम संपल्यावर होते. लाकडाला अळशीचं तेल लावून झालं की चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात फेकला जातो. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि त्यात उष्णता निघते. बोळ्यात ती साठत जाते आणि काडी न ओढता चिंध्या पेटतात. एकेक चिंधी बाहेर मोकळ्यावर पसरून पार कडक वाळू द्या, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

कोब्याला पहिल्याच दिवशी बारीक तडे गेले? वरचं पाणी उन्हाने ओढून घेतलं. सिमेंट वाळून नाही, पाण्याशी क्रिया होऊन घट्ट होतं. म्हणून काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा, वरचा थर धरला की ओली गोणपाटं अंथरा आणि किमान 7 दिवस पाणी मारत राहा. घोटताना वरून पाणी शिंपडायचा मोह मात्र आवरा. पृष्ठभाग कमजोर होतो आणि नंतर झाडताना भुकटी निघत राहते.

झोपाळ्याचा दोर थेट फांदीला करकचून बांधला की साल कापली जाते. रुंद पट्टा वापरा. फांदी जिवंत आणि जाडजूड हवी, एवढं तरी खाली उभं राहून नीट बघा.

राहिली रोपं. दुपारी त्यांनी मान टाकली की घरातला प्रत्येक जण एकेक तांब्या ओततो आणि मुळं कुजतात. आधी मातीत बोट खुपसा. दोन पेरं खाली ओल लागली तर रोप संध्याकाळी आपसूक उभं राहतं. सकाळीही मान खालीच असेल, तर बुंध्याशी सावकाश, खोलवर मुरेल असं पाणी द्या.