यंत्राचा डोळा चुकतोय? कॅमेरा बदलण्याआधी या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नगांच्या तपासणीला कॅमेरा बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती मेगापिक्सेलचा? दिव्याबद्दल कुणी विचारत नाही. मग कास्टिंगवरचा (ओतीव नगावरचा) ब्लो होल, म्हणजे वायूच्या बुडबुड्याचं भोक, आणि तेलाचा थेंब दोन्ही सारखेच काळे दिसतात, आणि मालक म्हणतो, "कॅमेराच बदलूया की ओ!"

आधी दिवा हलवून बघा. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या चकचकीत स्पूलवर (आत सरकणाऱ्या दांड्यावर) समोरून एलईडी मारला तर कॅमेऱ्याला दिव्याचंच प्रतिबिंब दिसतं. ओरखडा शोधायचा तर प्रकाश पृष्ठभागाला घासून जाईल इतका तिरका हवा. मग ओरखड्याची कड तेवढी उजळते. माप घ्यायचं असेल तर दिवा मागून. वर काळ्या पत्र्याचं झाकण हवंच. माझ्या एका जोडणीत रोज चारच्या सुमाराला चांगले नग बाद व्हायचे. दोन दिवस सॉफ्टवेअर उकरलं, शेवटी निघालं पश्चिमेच्या दारातलं ऊन!

चित्र फरफटलेलं येत असेल तर साधा हिशेब करा. पट्टा सेकंदाला 200 मिमी धावतो, एक्स्पोजर (चित्र टिपायचा वेळ) 5 मिलिसेकंद, म्हणजे तेवढ्यात नग 1 मिमी सरकला. 100 मिमीचं दृश्य 2448 पिक्सेलमध्ये मावत असेल तर ही 24-25 पिक्सेलची फरफट झाली. एक्स्पोजर 200 मायक्रोसेकंदांवर आणा, फरफट एका पिक्सेलवर येते. प्रकाश मात्र पंचवीसपट लागतो, म्हणून स्ट्रोब, म्हणजे क्षणभर जोरात चमकणारा दिवा. आणि हलत्या मालाला सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारा ग्लोबल शटरच घ्या. रोलिंग शटर एकेक ओळ टिपतो, गोल भोक वाकडं दाखवतो.

फ्रेम गळतात, म्हणजे मधली चित्रं पोचतच नाहीत? 5 मेगापिक्सेलचं कृष्णधवल चित्र साधारण 5 मेगाबाइटचं. गिगाबिट केबलवरून सेकंदाला जेमतेम 22-23 चित्रं जातात. दोन कॅमेरे एकाच पोर्टवर लावून जादूची अपेक्षा नको. केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर वायरसोबत बांधू नका.

सकाळी ठीक, दुपारी मंद? संगणक बंद पॅनेलमध्ये तापतोय. तापला की चिप आपला वेग आपणच उतरवते. फाउंड्रीत मोकळा पंखा लावला तर वाळूची धूळ आत, तेव्हा फिल्टर लावा आणि तो झाडत राहा.

लेन्सच्या कड्यांचे बारीक स्क्रू आवळून वर मार्करची रेघ मारा. काच पुसताना कुणाचा हात लागून फोकस हलला, तर रेघ लगेच सांगते.