गेमिंग पीसी तयार घ्यायचा की सुटे भाग आणून जोडायचा? निर्णय असा करा

आपल्याकडे गेमिंग पीसी घेण्याच्या वाटा तीन आहेत. एचपी, लेनोवो, डेल, एसूस अशा कंपनीचा बंद खोक्यातला डेस्कटॉप घेणं ही पहिली. सुटे भाग आणून घरी स्वतः जोडणं ही दुसरी. तिसरी वाट मधली आणि सर्रास चालणारी: भाग तुम्ही निवडायचे, दुकानदाराने जोडून द्यायचे. मुंबईतला लॅमिंग्टन रोड, दिल्लीतलं नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड इथे ही पद्धत अगदी रुळलेली आहे. सगळे भाग एकाच दुकानातून घेतले तर जोडणीचे पैसे अनेकदा लावतही नाहीत.

बहुतेक जण फक्त 'किती वाचतील' एवढंच बघतात. पैसे बघायचेच, पण आठ महिन्यांनी एका संध्याकाळी बटण दाबलं आणि पीसी चालू झाला नाही, तर बिघाड कोण शोधणार, हे आज ठरवा. तयार आणि जोडलेल्या पीसीतला मोठा फरक तिथेच आहे.

पायरी १: आधी गेम आणि मॉनिटर ठरवा

फुल एचडी मॉनिटरवर व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळायचं असेल तर आरटीएक्स ५०६० च्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड (चित्र काढणारा भाग) पुरून उरतं. तिथे प्रोसेसर आणि रॅमला जास्त महत्त्व. सायबरपंक २०७७ सारखे जड गेम १४४०पी (फुल एचडीपेक्षा जास्त बारीक चित्राच्या) मॉनिटरवर खेळायचे असतील तर कार्डवर १२ ते १६ जीबी मेमरी हवी. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत, एकाच नावाने विकली जातात. कोटेशनमध्ये आकडा लिहून घ्या.

एकूण बजेटमधून मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड-माउस आणि विंडोजचं लायसन्स यांचे पैसे आधीच बाजूला काढा. जे उरेल ते पीसीचं बजेट, आणि त्यातले साधारण ४० टक्के ग्राफिक्स कार्डाला गेले पाहिजेत.

पायरी २: जाहिरातीतली ओळ फोडून वाचा

ऑनलाइन बाजारात अशी ओळ सतत दिसते: 'आय७ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, ५०० वॅट'. एकेक शब्द घेऊ.

'आय७' यावरून काहीच कळत नाही. २०११ सालचा आय७-२६०० हाही आय७च आहे. २०२२ चा आय५-१२४००एफ त्याच्या कितीतरी पुढे आहे. इतक्या जुन्या प्रोसेसरला विंडोज ११ चा अधिकृत पाठिंबा नाही आणि विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शिवाय विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसीच्या सुरक्षेच्या दोन सोयी) लागतात. म्हणजे पैसे मोजूनही गेम उघडणारच नाही अशी वेळ येऊ शकते. प्रोसेसरचं पूर्ण नाव मागा.

'१६ जीबी रॅम': एक पट्टी की दोन? ८-८ च्या दोन पट्ट्या असतील तर मेमरी दोन मार्गांनी चालते. एकच पट्टी असेल तर गेम मधूनच अडखळतो. तयार पीसीत एकच पट्टी बसवून खर्च वाचवलेला अनेकदा आढळतो.

'४ जीबी ग्राफिक्स': जीटी ७३० हे कार्ड ४ जीबीत मिळतं आणि जीटीएक्स १६५० सुद्धा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. जीटी ७३० आजच्या गेमसाठी नाहीच.

'५०० वॅट': एसएमपीएसच्या (सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) बाजूचं लेबल वाचा. +१२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ × १८ = २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड याच १२ व्होल्टवर चालतात. एकट्या आरटीएक्स ५०६० ची भूक १४५ वॅटची आहे आणि एनव्हिडिया त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. असा हलका एसएमपीएस भर खेळात पीसी बंद पाडतो, आणि वाईट गेला तर सोबत मदरबोर्डही नेतो. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) किंवा त्यावरचं, नावाजलेल्या कंपनीचंच मॉडेल घ्या. सगळ्या पीसीत काटकसर करू नये अशी जागा कोणती, तर ही.

या ओळीत मदरबोर्डचा उल्लेखच नाही, हेही बघा. तोही विचारा.

पायरी ३: त्याच दिवशीच्या भावाने हिशोब मांडा

पसंत पडलेल्या तयार पीसीतला प्रत्येक भाग कागदावर उतरवा. तेच किंवा त्याच तोडीचे भाग दोन दुकानांत आणि एका ऑनलाइन विक्रेत्याकडे त्याच दिवशी विचारा. भाव १८ टक्के जीएसटीसह आहेत ना, याची खात्री करा. त्यात विंडोजचे पैसे मिळवा, कारण कंपनीच्या पीसीत ते धरलेलेच असतात.

तयार पीसी दहा टक्क्यांपर्यंत महाग पडत असेल तर तो फरक वॉरंटीचा मोबदला समजून बिनधास्त घ्यावा. वीस टक्क्यांच्या वर गेला तर जोडून घ्या. मधल्या पट्ट्यात निर्णय पुढच्या पायरीवर होतो.

'जोडलेला नेहमीच स्वस्त' हा जुना नियम आता डोळे मिटून धरू नका. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. अशा काळात कंपनीने जुन्या भावात भरून ठेवलेल्या मालातून बनलेला तयार पीसी सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडू शकतो. कोटेशन किती दिवस लागू आहे हेही विचारून ठेवा. भाव हलते असताना ते दुसऱ्या दिवशी बदलतं.

पायरी ४: वॉरंटी आणि पुढची वाढ

कंपनीच्या पीसीत काहीही बिघडलं तरी एकच नंबर लावायचा, आणि ऑनसाइट वॉरंटी असेल तर माणूस घरी येतो. जोडलेल्या पीसीत प्रत्येक भागाची वॉरंटी त्या-त्या कंपनीची. ती बहुधा जास्त वर्षांची असते: ग्राफिक्स कार्ड आणि बंद डब्यातल्या प्रोसेसरला साधारण तीन वर्षं, चांगल्या एसएमपीएसला पाच ते दहा. पण दोषी भाग कोणता हे तुम्ही शोधायचं, आणि तो सर्व्हिस सेंटरला तुम्हीच न्यायचा. मुंबई-पुण्यात हे जमतं. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला एका रॅमसाठी शहरात दोन फेऱ्या पडतात. तिथे ऑनसाइट वॉरंटीला खरंच किंमत आहे. फक्त तुमच्या पिनकोडवर ती सेवा मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा.

कंपनीच्या पीसीची दुखरी नस म्हणजे वाढ. काही मॉडेलांत मदरबोर्डचा आकार आणि एसएमपीएसचा प्लग त्या कंपनीचाच असतो. तीन वर्षांनी मोठं कार्ड घालायला गेलात की नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस बसत नाही. आतला फोटो मागा आणि बोर्डवर २४ पिनांचं नेहमीचं कनेक्टर आहे का ते बघा. पुढे वाढवत न्यायचं मनात असेल तर एएम५ सॉकेटचा (एएमडीचे रायझन प्रोसेसर बसतात त्या खाचेचा) बोर्ड घेऊन जोडून घेणं केव्हाही बरं.

दुकानातून जोडून घेत असाल तर बिलावर प्रत्येक भाग वेगळा, सिरियल नंबरसह लिहून घ्या. 'कॉम्प्युटर सेट, १ नग' असं बिल वॉरंटीच्या वेळी फारसं कामाचं नाही. 'ट्रे' (डब्याशिवाय, सुटा विकलेला) प्रोसेसर किंवा 'इम्पोर्टेड' कार्ड स्वस्त मिळतं, कारण त्यामागे भारतातली कंपनीची वॉरंटी बहुधा नसते.

पायरी ५: स्वतः जोडणार असाल तर

हवा एक मध्यम आकाराचा, टोकाला चुंबक असलेला फुली स्क्रूड्रायव्हर आणि निवांत अर्धा दिवस. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी मदरबोर्डवर टेबलावरच बसवा, बोर्ड नंतर कॅबिनेटमध्ये घाला. एएम५ आणि आताच्या इंटेल बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात. एक जरी वाकली तरी वॉरंटी नाकारतात, म्हणून प्रोसेसरवरचा त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवा, दाबू नका. सॉकेटचं प्लास्टिकचं झाकण फेकू नका. बोर्ड वॉरंटीला पाठवताना ते लागतं.

रॅमच्या चार खाचा असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढा. ती तशीच राहिली की प्रोसेसर काही मिनिटांत तापतो. कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब) बोर्डाच्या भोकांखालीच हवेत, नको त्या जागी राहिलेला एक स्टँडऑफ बोर्ड शॉर्ट करू शकतो. प्रोसेसरची ८ पिनी वायर आणि ग्राफिक्स कार्डची ८ पिनी वायर दिसायला सारख्या, पण वेगळ्या असतात. आणि जुन्या एसएमपीएसच्या मोड्युलर (सुट्या निघणाऱ्या) वायरी नव्याला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण आतला क्रम वेगळा असतो आणि भाग जळतात.

पहिल्यांदा चालू केल्यावर एएम५ वर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून वीज बंद करू नका. बराच वेळ काहीच आलं नाही तर आधी मॉनिटरची वायर बघा. ती मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डला हवी. मग रॅमची एकच पट्टी ठेवून बघा. जुन्या बी६५० बोर्डावर नवा रायझन ९००० मालिकेतला प्रोसेसर घातला असेल तर बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावं लागेल. त्यासाठी पेन ड्राइव्हवरून बायॉस भरण्याचं बटण असलेला बोर्ड घ्यावा.

सुरू झाला की बायॉसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची डीडीआर५ रॅम ४८०० वरच चालत राहते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेटही तपासा. १८० हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालतोय आणि महिनोन्महिने कळलेलं नाही, असं होतं.

पायरी ६: तयार पीसी घरी आल्यावर

खोकं उघडताना व्हिडिओ काढा. वीज जोडण्याआधी बाजूचं झाकण उघडून आत बघा. प्रवासात कार्ड हलू नये म्हणून काही विक्रेते आत फोम भरतात, तो काढायचा असतो. कार्ड खाचेत पूर्ण बसलंय का, वायरी सैल नाहीत ना, हे हाताने चाचपा. झाकणावर 'उघडल्यास वॉरंटी रद्द' असं स्टिकर असेल तर घेण्याआधीच विक्रेत्याशी बोलून लेखी खुलासा घ्या, कारण धूळ काढायला ते झाकण उघडावंच लागणार आहे.

पायरी ७: घरची वीज आणि उन्हाळा

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरात अर्थिंग नीट नाही. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. यूपीएसवर क्षमता व्हीएमध्ये लिहिलेली असते, वॅटमध्ये ती कमी भरते: ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटच पेलतो. आरटीएक्स ५०७० सारख्या २५० वॅटच्या कार्डाला किमान १००० ते ११०० व्हीए हवा.

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते. तिथे पुढून बंद काचेचं कॅबिनेट टाळा, जाळीचं घ्या, धुळीची जाळी महिन्यातून एकदा साफ करा. पहिल्या आठवड्यात, बदलून मिळण्याची मुदत असतानाच, तासभर जड गेम चालवून तापमान बघा. मग बाजूचं झाकण काढून पुन्हा तासभर चालवा. तापमान दहा अंशांनी किंवा जास्त उतरलं तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही; पुढच्या बाजूला आत हवा ओढणारा आणखी एक पंखा लावून घ्या.