वजनकाट्याआधी टेप

अमळनेरला आमच्या गच्चीवर सकाळी सहाला मी मुलींचा एरोबिक डान्सचा वर्ग घेते. पहिल्या दिवशी गाणं लावत नाही, आधी मापं घेते. शिंप्याकडचा असतो तसा साधा टेप आणि एक वही, एवढं पुरतं.

कंबर ड्रेसच्या नाडीजवळ मोजायची नाही. शेवटची बरगडी चाचपा, मग कमरेचं हाड चाचपा. दोन्हींच्या बरोबर मधे टेप धरायचा. पोट आत ओढू नका, श्वास सहज सोडा आणि मग आकडा वाचा. टेप अंगाला टेकला पाहिजे, रुतता कामा नये. नितंब जिथे सगळ्यात रुंद तिथे मोजा. मांडी आणि दंड मधोमध, दर वेळी उजवीकडचेच. प्रत्येक माप दोनदा घ्या. सकाळी, काही खाण्याआधी, पातळ कपड्यांत. पाळीच्या आधीचे दिवस टाळा, तेव्हा अंगात पाणी साचतं आणि आकडा उगाच घाबरवतो.

आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला धरतात. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. तो २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. १५८ सेंटिमीटर उंची आणि ६८ किलो वजन असेल, तर बीएमआय २७ च्या पुढे जातो.

आता नाच. सुरुवातीला पाच-सात मिनिटं जागेवर चालणं, खांदे फिरवणं. मग २५ ते ३० मिनिटं सलग: साइड स्टेप, गुडघा वर, मागे टाच, टाळी. वजन जास्त असेल तर उड्या नकोच, एक पाय कायम जमिनीवर हवा, गुडघे सांभाळायचेत. बूट घालाच, शहाबादी फरशीवर अनवाणी नाचून नडग्या दुखतात. गाणी हळदीत वाजतात ती अहिराणी लावा, पाय आपोआप उचलतात. नाचताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. तेवढा दम लागला की वेग बरोबर आहे. शेवटी पाच मिनिटं हळू होत थांबा. आठवड्यातून पाच दिवस केलं की १५० मिनिटं भरतात, तेवढी किमान हवीतच. थायरॉइड, दमा किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

महिन्याने एक मुलगी रडकुंडीला आली, "ताई, वजन ते तठेच शे!" काट्यावर जेमतेम अर्धा किलो उतरला होता. मी वही उघडली. कंबर ९२ वरून ८९. असं होतं, कारण अशा व्यायामाने पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी लवकर हलते, आणि पायांचे स्नायू थोडे भरले की काटा ते दाखवत नाही. त्या मुलीला वही दाखवली नसती तर ती दुसऱ्या दिवशी आलीच नसती, म्हणून मी मापांचा इतका हट्ट धरते.

मांड्या मात्र उशिरा उतरतात. तरुण वयात स्त्रीचं शरीर तिथली चरबी धरून ठेवतं. मांडीचेच व्यायाम केले म्हणून मांडीचीच चरबी जात नाही, कुठून जायची ते शरीर ठरवतं. दर दोन आठवड्यांनी मोजा, रोज नाही.

आणि ताटाकडे बघा. अर्ध्या तासाच्या नाचात अंदाजे १७० ते २०० कॅलरी खर्च होतात. तेलाचा एक मोठा चमचा १२० चा. शेवभाजी सोडू नका, तर्री कमी घ्या. कळण्याची भाकरी आणि भरीत उत्तम, भरताला तेल मोजून. उपाशीपोटी राहून नाचणाऱ्या मुलींना चक्कर येते, हे मी वर्गात पाहिलंय. सहाच्या वर्गाआधी निदान एक केळं खा, आपल्याकडे त्याची काय कमी! मोजायचं असेल त्या दिवशी आधी मोजा, मग केळं.

एप्रिल-मे मध्ये वर्ग साडेपाचला घ्या, सूर्य वर आला की गच्ची तापते. श्रावणात आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाला, रोटांच्या आठवड्यात, टेप कपाटातच ठेवा. रोट पोटभर खा, मोजायचं ते पुढच्या रविवारी.