जुन्या बेसबॉल कार्डांसाठी ग्रेडिंग संस्था कशी निवडावी

जुने बेसबॉल कार्ड हाती आले की त्याची किंमत किती, हा प्रश्न आधी पडतो आणि ते ग्रेडिंगला कुठे पाठवावे, हा लगोलग त्याच्यामागून येतो. ते कशासाठी पाठवायचे, हे मात्र फारसे कोणी स्वतःला विचारत नाही. कार्ड विकायचे आहे, ते अस्सल असल्याची खात्री करून घ्यायची आहे, की केवळ नीट जपून ठेवायचे आहे, हे ठरल्याशिवाय संस्था निवडणे म्हणजे आधी कळस मग पाया. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी वाचकांना एस्टेट सेलमध्ये किंवा जुन्या सामानाच्या बाजारात अशी कार्डे सहज भेटतात. त्यांच्यासाठी, आणि मुळातच या छंदात उतरलेल्यांसाठी, निवड करताना काय काय पाहावे ते इथे मांडले आहे.

ग्रेडिंग संस्था कार्ड तपासते, त्याला साधारणपणे 1 ते 10 या मापावर दर्जा देते आणि ते कडक प्लास्टिकच्या कायमच्या बंद आवरणात घालून परत पाठवते. या आवरणाला सगळे स्लॅब म्हणतात. छपाई कार्डाच्या किती मध्यावर आहे, कोपरे कसे आहेत, कडा आणि पृष्ठभाग कसे आहेत, या चार गोष्टींवर दर्जा ठरतो. नव्या कार्डाच्या बाबतीत विषय बहुतेक इथेच संपतो. जुन्या कार्डाच्या बाबतीत मात्र दर्जाच्या आधी दोन गोष्टींचा निकाल लागावा लागतो: कार्ड अस्सल आहे का, आणि छापखान्यातून बाहेर पडल्यावर त्यावर कोणी हात चालवला आहे का. माझ्या मते जुन्या कार्डासाठी संस्था निवडताना तिची या दुसऱ्या प्रश्नावरची नजर हीच सर्वांत मोठी कसोटी आहे.

छाटलेली कार्डे आणि पारखणाऱ्याची नजर

ही कसोटी इतकी महत्त्वाची का, हे होनस वॅग्नरच्या प्रसिद्ध कार्डावरून कळते. 1909 ते 1911 या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून दिलेल्या, आज टी206 नावाने ओळखल्या जाणाऱ्या संचातले हे कार्ड. त्याची एक विलक्षण सुस्थितीतील प्रत 1991 साली आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी 4,51,000 डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षी सुरू झालेल्या पीएसए या संस्थेने दर्जा दिलेले पहिले कार्ड हेच. त्याला 8 दर्जा मिळाला. 2007 मध्ये ते 28 लाख डॉलरना विकले गेले. पुढे 2013 मध्ये लिलावाच्या व्यवसायातील बिल मास्ट्रो यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला, तेव्हा हे कार्ड आपणच कापून नीटनेटके केले होते, हेही त्यांनी मान्य केले. झिजलेली कड पातीने छाटली की कोपरे पुन्हा टोकदार दिसू लागतात, आणि टोकदार कोपऱ्यांना भरपूर पैसे मिळतात. सारा मोह यातच आहे. 2019 मध्ये काही संग्राहकांनी जुन्या लिलावांतील छायाचित्रे आणि नंतर स्लॅबमध्ये आलेली कार्डे शेजारी ठेवून ताडली, तेव्हा छाटलेली आणि डागडुजी केलेली कितीतरी कार्डे चांगल्या दर्जाच्या शिक्क्यासह बाजारात फिरत असल्याचे दिसून आले. म्हणून दर्जा म्हणजे जाणत्या माणसाने दिलेले मत समजावे, आणि ते मत देणाऱ्याला त्या विशिष्ट संचाची किती माहिती आहे, हे आधी पाहावे.

अशी माहिती किती बारीक असावी लागते, याचे उदाहरण टी206 मध्येच सापडते. या कार्डांच्या मागे वेगवेगळ्या सिगारेटींच्या जाहिराती आहेत. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल सर्वत्र दिसतात. अमेरिकन ब्यूटीची जाहिरात असलेली कार्डे मात्र मुळातच किंचित अरुंद कापली गेली होती. ज्याला हे ठाऊक नाही, तो अस्सल कार्डालाही छाटलेले ठरवील. पोलर बेअरची कार्डे सुट्या तंबाखूच्या पुडीतून येत असल्यामुळे त्यांवर तपकिरी डाग पडलेले असणे स्वाभाविक आहे. टॉप्स या कार्डे काढणाऱ्या कंपनीच्या 1971 च्या संचाची गोष्ट याहून निराळी. त्याची चौकट काळी असल्यामुळे कडेचा बारीकसा टवका उडाला तरी आतला पांढरा कागद डोळ्यांत भरतो, आणि तो काळ्या शाईने झाकण्याचा उद्योग फार जुना आहे. भिंगाखाली पाहिले तर छापलेला काळा रंग कडेपाशी सरळ थांबतो. नंतर भरलेली शाई कागदाच्या तंतूंमध्ये पाझरून कार्डाच्या जाडीवरही उतरलेली दिसते.

पाठवण्याआधी घरी करायची तपासणी

कोणतीही संस्था निवडली तरी शुल्क भरावेच लागते, आणि कार्ड छाटलेले किंवा रंगवलेले निघाले म्हणून भरलेले पैसे परत मिळतीलच असे नाही. यासाठी निदान दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरची पट्टी आणि अतिनील प्रकाशाची लहान विजेरी जवळ असावी. टी206 चे कार्ड साधारण 1 7/16 × 2 5/8 इंच, म्हणजे सुमारे 36.5 × 66.7 मिलिमीटर असते. 1933 चे गौडी कंपनीचे कार्ड 2 3/8 × 2 7/8 इंच. 1952 चे टॉप्स 2 5/8 × 3 3/4 इंच. आणि 1957 पासूनचे टॉप्स आजच्या परिचित 2 1/2 × 3 1/2 इंचांचे. माप भरले म्हणजे कार्ड छाटलेले नाही असे सिद्ध होत नाही, कारण मुळात थोडे मोठे निघालेले कार्ड छाटून नेमके मापात आणता येते. म्हणून त्याच संचातील एखादे स्वस्त, झिजलेले कार्ड शेजारी ठेवून चारही कडा आडव्या धरून पाहाव्यात. तीन कडांना शंभर वर्षांचा मळकट, मऊ रंग चढला आहे आणि चौथी कड ताजी, पांढरी, कोरी आहे, असे दिसले तर तिथेच थांबावे.

अतिनील प्रकाशाचा उपयोग बनावट कार्डे ओळखण्यासाठी होतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घालायची चकाकी देणारी रसायने विसाव्या शतकाच्या मध्यापासून वापरात आली. त्यामुळे 1910 चे म्हणवले जाणारे कार्ड अंधारात या प्रकाशाखाली निळसर पांढरे झळकू लागले तर ते नंतरची नक्कल असण्याचीच शक्यता मोठी. शिवाय उघडपणे काढलेल्या प्रतिकृतीही पुष्कळ आहेत. टॉप्सनेच 1983 मध्ये आपल्या 1952 च्या संचाच्या प्रतिकृती काढल्या होत्या. त्यांच्या मागे तसा उल्लेख आहे, पण तो खरवडून काढलेले कार्ड पुढ्यात येऊ शकते.

कार्ड स्वतः साफ करायला जाऊ नये. पेन्सिलची खूण खोडरबराने पुसली तरी तिचा दाब कागदावर राहतो आणि तिरक्या प्रकाशात दिसतो. खुणेमुळे जेवढा दर्जा कमी झाला असता, त्याहून मोठे नुकसान अशा पुसण्याने होते.

कोणती संस्था कशासाठी

जुन्या बेसबॉल कार्डांच्या बाजारात पीएसए आणि एसजीसी ही दोन नावे सर्वांत पुढे आहेत. पीएसए कॅलिफोर्नियातील आहे. तिचे दर्जे सर्वाधिक ओळखले जातात आणि सामान्य व्यवहारात सारख्याच कार्डाला सारख्याच दर्जावर पीएसएच्या स्लॅबमध्ये बहुधा जास्त किंमत मिळते. तिच्या नोंदवहीत आपला संच नोंदवून इतरांशी चुरस करणारे संग्राहक पुष्कळ आहेत आणि त्या नोंदवहीत पीएसएचीच कार्डे चालतात. मागणी टिकून राहण्याचे हे एक ठोस कारण आहे. थोडक्यात, विक्री हाच हेतू असेल आणि संच लोकप्रिय असेल, तर पीएसएकडे जाणे व्यवहाराला धरून आहे.

पीएसएची एक पद्धत जुन्या कार्डांना विशेष लागू पडते. कार्ड एरवी उत्तम असून एखादाच ठळक दोष असेल, तर दर्जाच्या पुढे अक्षरे जोडली जातात. छपाई फार सरकलेली असेल तर ओसी, डाग असेल तर एसटी, खूण केलेली असेल तर एमके. '8 ओसी' असे लेबल आले की बाजार त्याला 8 चा भाव देत नाही. बरेच जण तो सुमारे 6 धरतात. अशी अक्षरे नकोत, त्याऐवजी सरळ कमी दर्जा द्या, असे अर्जातच सांगता येते. विकायला काढलेल्या कार्डाच्या बाबतीत मी तसे सांगण्याचा सल्ला देईन, कारण अक्षर पाहताच बिचकणारे गिऱ्हाईक बरेच असते.

एसजीसी 1998 मध्ये सुरू झाली आणि फ्लोरिडातून चालते. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या तंबाखूच्या आणि मिठाईच्या कार्डांबाबत जुन्या संग्राहकांचा तिच्यावर मोठा विश्वास आहे. तिच्या आवरणातील काळी चौकट टी206 सारख्या लहान कार्डाला विलक्षण शोभते, आणि कार्ड जपून पाहायचे असेल तर हे कारणही क्षुल्लक नाही. मोठ्या किमतीला एसजीसीचे लेबल आड येते, असेही म्हणता येत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये 1952 चे टॉप्सचे मिकी मँटल या खेळाडूचे कार्ड हेरिटेजच्या लिलावात 1 कोटी 26 लाख डॉलरना गेले, आणि ते एसजीसीने 9.5 दर्जा दिलेले होते. एसजीसीची जुनी लेबले वाचताना मात्र सावध राहावे. 2018 पूर्वी ती 100 च्या मापावर दर्जा देत असे आणि ते माप सरळ दहाने भागून चालत नाही: 88 म्हणजे 8, 60 म्हणजे 5 आणि 40 म्हणजे 3. 2024 मध्ये पीएसएच्या मालक कंपनीने एसजीसीही विकत घेतली. दोन्ही नावे वेगळी चालत असली तरी मालकी एक आहे, हे लक्षात असू द्यावे.

बेकेट या संस्थेने 1980 पर्यंतच्या कार्डांसाठी बीव्हीजी हे वेगळे लेबल चालवले. तिची खरी प्रतिष्ठा नव्या, चकचकीत कार्डांत आहे. सीजीसी कॉमिक्सच्या ग्रेडिंगमधून या क्षेत्रात आली आणि जुन्या बेसबॉल कार्डांच्या बाजारात तिचा जम वरच्या दोघींइतका बसलेला नाही. याखेरीज स्वस्तात आणि आठवड्याभरात 10 दर्जा देणाऱ्या अनोळखी संस्था आहेत. त्यांच्या स्लॅबला बाजारात काडीची किंमत नसते, आणि अशा स्लॅबमध्ये भारी दर्जाचे, पण संशयास्पद भावात मिळणारे कार्ड दिसले तर ते मोठ्या संस्थेने आधी नाकारलेले असू शकते.

आपल्या कार्डासाठी नेमका निर्णय घ्यायचा तर लिलावांचे जुने निकाल उघडावेत. आपलेच कार्ड, अंदाजे त्याच दर्जाचे, पीएसए आणि एसजीसी अशा दोन्ही आवरणांत गेल्या वर्षभरात कितीला गेले, ते लिहून काढावे आणि फरकातून दोन्हीकडच्या शुल्काची तफावत वजा करावी. कमी दर्जाच्या तंबाखू कार्डांत हा फरक पुष्कळदा इतका थोडा असतो की स्वस्त आणि लवकर काम करणारी संस्थाच सोयीची ठरते. दर्जा सांगताना स्वतःशी कठोर राहावे. पुढून देखणे असलेले कार्ड एकेकाळी वहीत चिकटवलेले असेल आणि काढताना मागचा कागद सोलला गेला असेल, तर त्याला 1 किंवा जेमतेम त्याच्या वर मिळेल.

शुल्क, वेळ आणि पाठवणी

शुल्क मुख्यतः कार्डाच्या जाहीर केलेल्या किमतीवर आणि किती दिवसांत काम हवे यावर ठरते. किंमत मुद्दाम कमी दाखवू नये. कार्ड वाटेत हरवले तर भरपाई त्याच आकड्याच्या आधारे होते, आणि दर्जा मिळाल्यावर किंमत वरच्या गटात गेली तर संस्था वाढीव शुल्क लावू शकते. दिवसांचे आकडे अंदाजाचे असतात, कामाच्या दिवसांचे असतात, आणि पार्सल पोहोचल्यापासून नव्हे तर नोंद झाल्यापासून मोजले जातात. मार्च 2021 मध्ये कामाचा डोंगर साचल्यामुळे पीएसएला आपल्या बहुतेक सेवा थांबवाव्या लागल्या होत्या. तेव्हा एखाद्या लिलावाची तारीख गाठायची असेल तर हाताशी भरपूर अवधी ठेवावा. पंधरा-वीस डॉलरच्या साध्या खेळाडूच्या कार्डावर असा खर्च करणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. अशा कार्डाला चांगले साधे प्लास्टिकचे आवरण पुरे.

भारतातून पाठवणाऱ्याने दोन्ही बाजूंचा विमा, टपाल आणि सीमाशुल्काची कागदपत्रे यांचा हिशेब आधी मांडावा. बऱ्याचदा अमेरिकेतील विश्वासू नातेवाइकाने कार्ड तिथल्या तिथे पाठवणे आणि परत घेणे सोयीचे जाते. पाठवण्यापूर्वी कार्डाच्या दोन्ही बाजूंची आणि चारही कोपऱ्यांची स्पष्ट छायाचित्रे काढावीत. कार्ड आधी पातळ, मऊ पिशवीत आणि मग कार्ड सेव्हर नावाच्या लवचीक पाकिटात घालावे. जाड, कडक टॉपलोडरमधून कार्ड बाहेर काढताना कोपरा दुखावण्याचा धोका असतो. चिकटपट्टी कार्डाच्या पाकिटाला लावू नये. पाकिटे दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून वरून रबर न ताणता बांधावीत.

कार्ड परत आले की लेबलावरचे वर्ष, संच, खेळाडूचे नाव आणि, टी206 असेल तर, मागच्या जाहिरातीचे नाव प्रत्यक्ष कार्डाशी ताडून पाहावे, कारण दुर्मीळ जाहिरात लेबलावर साधी म्हणून नोंदली गेली तर त्याचा थेट फटका किमतीला बसतो. लेबलावरचा प्रमाणपत्र क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तीच नोंद येते का, हे बघावे. चूक आढळली तर स्लॅब न उघडता, छायाचित्रासह, लगेच संस्थेला कळवावे.