माळवदावर पडून उल्का बघायच्या तर

१३ डिसेंबरची रात्र धरा. मिथुन राशीतल्या उल्का तेव्हा सगळ्यात जास्त पडतात. मोठा चंद्र असेल तर फिक्या उल्का दिसतच नाहीत. शहरातल्या गच्चीपेक्षा गावाकडचं माळवद कधीही बरं. गारठा पाठीतून शिरतो, म्हणून वाकळ अंगावर एक आणि खाली दोन. चढल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं मोबाईल बिलकुल काढू नका; डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच, आणि एकदा स्क्रीन बघितली की पुन्हा पहिल्यापासून. बॅटरी लागलीच तर डोळे दिपू नयेत म्हणून तिच्या काचेवर लाल जिलेटीन दुहेरी बांधा. या उल्का मिथुनेतल्या पुनर्वसू नक्षत्राकडून येताना दिसतात, पण त्याच्या दोन ताऱ्यांवर टक लावू नका, तिथून जरा लांब बघा. तिकडे उल्कांच्या रेघा लांबलचक दिसतात. दोनच्या सुमारास पुनर्वसू डोक्यावर येतं. खरी मजा तेव्हाच, झोपू नका!