सशाच्या अंथरुणातील धूळ

ससा जवळजवळ पूर्णपणे नाकानेच श्वास घेतो, त्यामुळे सतत शिंकणाऱ्या सशाच्या पिंजऱ्यात काय अंथरले आहे, हे आधी पाहावे. कोल्हापुरात वखारीतला भुसा स्वस्त मिळतो, पण तो जितका बारीक तितका नाकाला वाईट. देवदार किंवा चीडसारख्या उग्र वासाच्या लाकडाचा तर नकोच. गुऱ्हाळावरचे चिपाड फुकट मिळाले तरी आणू नये, कारण साठवलेल्या चिपाडावर बुरशी धरते आणि तिच्या धुळीने माणसालासुद्धा बगॅसोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो.

कागदाच्या लगद्याचे अंथरूण किंवा धुवून वापरता येणारे जाड सुती कापड मला अधिक योग्य वाटते. विकत घेतलेल्या पाकिटातील मूठभर माल काळ्या कापडावर दोन फुटांवरून सोडावा आणि कापड खिडकीतल्या उन्हाच्या तिरिपेत धरून झटकावे. पांढरी पूड उरली किंवा हवेत धूर उठल्यासारखा दिसला, तर तो माल, त्यावर ‘धूळमुक्त’ असे छापलेले असले तरी, बाजूला ठेवावा. भाताचे पिंजर, म्हणजे पेंढा, वापरायचे असल्यास ते घराबाहेर झटकून घ्यावे आणि पावसाळ्यात ओलसर वास येताच टाकून द्यावे.

ओला कोपरा रोज बदलावा, कारण मूत्रातून सुटणारा अमोनिया धुळीइतकाच झोंबतो. ससा पुढच्या पायांनी नाक पुसतो; त्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकट होऊन गुंतलेले दिसले, तर अंथरूण बदलत न बसता पशुवैद्यकांना दाखवावे.