शिडाच्या बोटीवर दिव्यांग दोस्तांना मदत करायचीय? मग हे वाचा

मला सेलिंग येत नाही मग मी काय करणार, असं बरेच जण विचारतात, अहो निम्मं काम तर जेट्टीवरच असतं. मुंबईत सेलिंग ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात विसरा. आधी भरती-ओहोटी बघा, गेटवेच्या पायऱ्या ओल्या असल्या की शेवाळाने जाम निसरड्या होतात आणि चौपाटीच्या वाळूत व्हीलचेअर रुतते. नवख्यांना सकाळीच न्या, दुपारनंतर वारा वाढतो.

बोटीत बसवताना सरळ उचलायला धावू नका!! "दादा, कसं धरू?" असं त्यांनाच विचारा, त्यांचं शरीर त्यांना जास्त कळतं. लाइफजॅकेट आधीच घाला, चेअरचे ब्रेक लावा, बोट एकाने घट्ट धरा, दोघांनी उचला आणि काखेत हात घालून ओढू नका, खांदा दुखावतो. पायाला संवेदना नसेल तर तापलेल्या डेकवर भाजलेलं कळतसुद्धा नाही, म्हणून खाली जाड उशी हवीच. बोटीला कुणालाही बांधायचं नाही, उलटली तर?

कुणाला दिसत नसेल तर बोटीच्या काठावर त्यांचा हात ठेवून द्या, वारा कुठून येतोय ते गालाला कळतं. हॅन्सा ३०३ या छोट्या शिडाच्या बोटीत दोघं शेजारी बसतात, जॉयस्टिकने वळवता येते, तेव्हा सुकाणू त्यांच्याच हातात द्या, तुम्ही गप्प बसा.